अनेक संत आणि एक रिकामी जागा

'द सोप्रानोज' ही मालिका १० जून २००७ रोजी संपली आणि तिचा पूर्वकाळ सांगणारा 'द मेनी सेंट्स ऑफ न्यूअर्क' हा चित्रपट १ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत चित्रपटगृहांत आणि घरबसल्या पडद्यावर एकाच दिवशी आला. मधल्या चौदा वर्षांत मालिकेचे प्रेक्षक वाढलेच होते. प्रक्षेपणाच्या काळात जे शाळेतही गेले नसतील अशा मुलामुलींनी २०२० च्या टाळेबंदीत ती पाहिली आणि शहाऐंशी भाग एखाद्या पोथीसारखे पाठ केले. चित्रपट आला आणि या जुन्या-नव्या रसिकांपैकी बहुतेकांचा विरस झाला. तिकीटबारीवरही तो आपटला. आम्हांस येथे चित्रपटाच्या यशापयशाची नव्हे, त्या विरसाची चर्चा करायची आहे. चाहत्यांच्या तक्रारीला आपल्याकडे 'भाबडेपणा' म्हणून बाजूला सारण्याची पद्धत आहे. वास्तविक या तक्रारीत कथनाविषयीचे काही खरे प्रश्न दडलेले आहेत आणि ते आपल्या वर्गातल्या प्रश्नांहून वेगळे नाहीत.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू जर्सीतील इटालियन-अमेरिकन गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो भोवळ येऊन पडतो आणि नाइलाजाने डॉ. मेल्फी या मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागतो. डेव्हिड चेस या लेखकाने या एका कल्पनेवर सहा पर्वे उभी केली. या विश्वात डिकी मोल्टिसान्टी हा माणूस नाही. त्याचे फक्त नाव आहे. टोनीला तो गुरुस्थानी, क्रिस्तोफरचा तो बाप, आणि दोघांनाही तो फार लवकर अंतरलेला. मोल्टिसान्टी म्हणजे इटालियन भाषेत 'अनेक संत'. चित्रपटाचे नाव त्यावरून आले.

या डिकीच्या मृत्यूविषयी मालिकेत एक प्रसंग आहे. २००२ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात टोनी क्रिस्तोफरला एका निवृत्त होणाऱ्या पोलिसाच्या घरी नेऊन सोडतो आणि तुझ्या बापाला मारणारा तो हाच, असे सांगतो. बॅरी हेडू नावाचा तो पोलीस आरोप नाकारतो. क्रिस्तोफर त्याला ठार करतो. टोनी खरे बोलला, की आपल्याला नको झालेला माणूस त्याने पोराच्या हातून परस्पर संपवला, याचा निर्वाळा मालिका शेवटपर्यंत देत नाही. एकोणीस वर्षे प्रेक्षक या संशयासोबत राहिले. चित्रपटाने सांगितले की डिकीचा काटा काढला तो टोनीच्या सख्ख्या काकाने, ज्युनिअरने. आणि कारण काय, तर ज्युनिअर पायऱ्यांवरून घसरून पडला तेव्हा डिकी हसला.

यावर चाहते खवळले. काहींना कारण क्षुल्लक वाटले, काहींना रहस्य फोडल्याचा राग आला. पहिला आक्षेप आम्हांस मान्य नाही. ज्युनिअर हा मालिकेतला सर्वांत मानी आणि सर्वांत कोता माणूस. हसण्यावरून खून पाडणे त्याच्या स्वभावाशी पुरते सुसंगत आहे. दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, फक्त ते चाहत्यांनी मांडले त्यापेक्षा निराळ्या ठिकाणी आहे. मालिकेत डिकीचा मृत्यू ही घटना नव्हती, ते एका पात्राचे विधान होते. सांगणारा स्वार्थी, ऐकणारा व्यसनी आणि पोरका, ज्याच्यावर आरोप तो मरणाच्या दारात. तिघांपैकी कोणाच्याही शब्दावर भार टाकता येत नाही, म्हणून तो प्रसंग इतका दाट झाला. चित्रपटात तेच कॅमेऱ्याने पाहिले. विधानाची घटना झाली की संशयाला जागा उरत नाही, आणि त्या जागेत प्रेक्षकाने स्वतःचे म्हणून जे काही उभे केलेले असते ते कोसळते. चाहत्यांचा डिकी त्यांनी स्वतः रचलेला होता. तो हिरावला गेल्याचे दुःख अगदी खरे आहे आणि त्याला बालिश म्हणण्याचा अधिकार, पाठ्यपुस्तकातल्या कवितेचा 'खरा अर्थ' सांगून मोकळे होणाऱ्या आम्हां अध्यापकांना तर मुळीच नाही.

गंमत अशी की चित्रपट प्रत्यक्षात इतके सगळे उघड करतही नाही. सुपारी कोणाची होती हे कळते. गोळी झाडणारा कोण हे दाखवलेले नाही. म्हणजे हेडू अजूनही दोषी असू शकतो. रागाच्या भरात पुष्कळांचे याकडे लक्ष गेले नाही. शिवाय निवेदक आहे क्रिस्तोफर, आणि तोही थडग्यातून बोलणारा. २००७ मध्ये टोनीने त्याचा जीव घेतला हे प्रेक्षकाला ठाऊक असते. बापाच्या खुनाची कथा पोराच्या प्रेताने सांगावी, हा केवढा मोठा उपरोध लेखकाच्या हाती आला होता! त्याचा फारसा उपयोग झालेला नाही. तान्हा क्रिस्तोफर टोनीला पाहताच रडू लागतो आणि एक म्हातारी काही बालकांना पलीकडचे कळत असल्याचे सुचवते, एवढ्यावर भागवले आहे. प्रेक्षकाच्या बरगडीत कोपर मारून 'कळले ना?' असे विचारणारी ही जागा कुचेष्टेचा विषय झाली, ते योग्यच झाले.

असे कोपर चित्रपटात अनेक ठिकाणी लागते. सिल्व्हिओचा टोप, पॉलीचा नट्टापट्टा, छोट्या टोनीमध्ये खेळाडू होण्याचा वकूब नाही हे ज्युनिअरचे कुजके वाक्य. मालिकेतल्या खुणा एकेक करून समोर मांडल्या जातात. मालिकेत टोनीच्या बरोबरीचा वाटणारा सिल्व्हिओ येथे त्याच्याहून चांगलाच थोरला आहे, हा कालगणनेचा दोष चाहत्यांनी चटकन पकडला. आम्हांस त्याहून बोचली ती केसांची गोष्ट. टोनीच्या बापाने भांडता भांडता बायकोच्या उंच अंबाड्यातून गोळी आरपार घालवली, हा किस्सा २००७ मधील एका भागात टोनीची बहीण जॅनिस चारचौघांत हसत हसत सांगते आणि टोनीचा चेहरा पडतो. तेथे महत्त्व गोळीला नव्हते. एकाच घरातली दोन भावंडे, एकीला त्या आठवणीचा विनोद करता येतो आणि दुसऱ्याला ती चव्हाट्यावर आलेली सहन होत नाही, हा त्या प्रसंगाचा गाभा. चित्रपटात गोळी आहे, केस आहेत, जॅनिस आणि टोनी यांच्यामधले ते अंतर नाही.

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक येथे आठवल्यावाचून राहत नाही. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. प्रेक्षकालाही ती कथा तोंडपाठ. त्या चित्रदर्शनात नवी माहिती शून्य, आणि तरी तो अंक रंगतो, कारण चित्रे पाहता पाहता सीतेला पुन्हा वनात जाण्याची ओढ लागते आणि तीच ओढ पुढे तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. पाहिलेले पुन्हा पाहणे यात काही कमीपणा नाही; पाहिल्याने पुढे काही घडले पाहिजे. 'मेनी सेंट्स'मधली चित्रे भिंतीवरच राहतात.

नायकाचे बालपण पाहायचे, ही मागणीही आजची नाही आणि ती केवळ बाजाराने पढवलेली नाही. महाभारतात कृष्ण प्रथम येतो तो कर्ता पुरुष म्हणून. त्याचे गोकुळ विस्ताराने सांगण्यासाठी 'हरिवंश' हे खिलपर्व जोडावे लागले. रामायणाच्या बालकांडाचा पुष्कळसा भाग उत्तरकालीन आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. श्रोत्यांनी विचारले असणार, 'लहानपणी कसा होता?' आणि कोणीतरी सांगायला बसला. पण हरिवंशातला गोपाळ हा कुरुक्षेत्रावरच्या मुत्सद्द्याचे कारण म्हणून येत नाही. त्याला स्वतःचा रस आहे. पूर्वकथा तगते ती अशी.

या चित्रपटाच्या जाहिरातीने मात्र टोनी सोप्रानोला कोणी घडवले, हाच घोष लावला होता. चाहते उत्तर घ्यायला आले. मालिकेने सहा पर्वे खर्चून जे नाकारले ते नेमके हेच उत्तर होते. आईचा कडवटपणा, बापाची हिंसा, घराण्याचा वारसा, एकेक कारण मेल्फींच्या खोलीत मांडले गेले आणि एकही पुरले नाही. टोनीचे बालपण तर १९९९ मध्ये पहिल्याच पर्वात आपण पाहिले होते. तेही त्याच्या आठवणीतून गाळून आलेले, म्हणून अविश्वसनीय आणि म्हणूनच अर्थपूर्ण. आरंभ म्हणजे ज्याच्या आधी काही असण्याची अपरिहार्यता नाही ते, अशा आशयाचे ॲरिस्टॉटल म्हणतो. पूर्वकथेचा चित्रपट त्या आरंभाचाच मध्य करून टाकतो. हे संकट चेस यांना कळत असावे, कारण त्यांनी लिहिली ती गोष्ट टोनीची नाहीच. ती डिकीची आहे, आणि तिच्यात दडलेली आणखी एक हॅरोल्डची.

चाहत्यांशी आमचा खरा मतभेद येथे आहे. हॅरोल्ड मॅकब्रेअर हा डिकीसाठी काम करणारा काळा तरुण. न्यूअर्कमध्ये जुलै १९६७ मध्ये एका काळ्या टॅक्सीचालकाला पोलिसांनी पकडून मारहाण केली, त्यातून १२ ते १७ तारखांदरम्यान शहर पेटले आणि २६ माणसे मेली. त्या आगीतून हॅरोल्डचे दुसरे आयुष्य सुरू होते. पुढे तो डिकीचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहतो. 'याचे सोप्रानोशी काय देणेघेणे?' असे चाहत्यांनी विचारले. आम्ही म्हणतो, सर्वाधिक देणेघेणे याचेच. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या आरंभी टोनी बोगद्यातून बाहेर पडून, कारखाने आणि जुन्या वस्त्या मागे टाकत, उपनगरातल्या प्रशस्त घरी पोचतो. ती वस्ती मागे का पडली, कोण तेथून निघाले आणि कोण उरले, हा प्रश्न शहाऐंशी वेळा आपल्या डोळ्यांपुढून गेला. चित्रपट त्याच प्रश्नाला हात घालतो. डिकी रागाच्या भरात स्वतःच्या बापाला मारतो आणि जळत्या शहराच्या आडोशाने प्रेताची विल्हेवाट लावतो. एका समाजाच्या संतापाची आग दुसऱ्याच्या घरगुती पापावर पांघरूण म्हणून वापरली जाते. मालिकेच्या उत्तमातल्या उत्तम भागांशी तुलना करावी असे हे दृश्य आहे.

दोष आहे तो पुढचा. हॅरोल्ड आणि डिकी यांचे वैर टिपेला पोचते आणि तेवढ्यात ज्युनिअरची सुपारी येऊन डिकी मरतो. एक कादंबरी अर्ध्यावर थांबवून दुसरीचे शेवटचे पान चिकटवावे तसे. हॅरोल्ड 'अनावश्यक' आहे असे म्हणणाऱ्यांनी तो 'अपुरा' आहे असे म्हणायला हवे होते. आवडत्या कथेवर प्रेम करताना आपण नकळत एक जेवणाचे टेबल मांडतो आणि त्याभोवती बसलेल्यांनाच कथेचे नागरिकत्व देतो. टेबलाला जे चालवते ते शहर, तो पैसा, तो काळा वसुली करणारा माणूस, हे सगळे 'विषयांतर' ठरते. आपल्या ग्रामीण आणि दलित साहित्याच्या पहिल्या वाचकांनी 'यात आमचे काय?' असा सूर लावला होता, त्याची ही दूरची भावंडे.

मायकेल गँडोल्फिनीविषयी चाहते बहुधा मवाळ राहिले. टोनी साकारणारे जेम्स गँडोल्फिनी जून २०१३ मध्ये रोमला गेले असता एक्कावन्नाव्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाने किशोर टोनी उभा केला. त्याचे खाली झुकलेले खांदे पाहताना समीक्षा थोडा वेळ बाजूला पडते, आणि पडू द्यावी. एका दृश्यात हा मुलगा निराशेने ग्रासलेल्या आईला औषध घेण्याचे सुचवू पाहतो आणि ती उसळते. येथे पूर्वकथेने काही समजावून सांगितले नाही, उलट गुंता वाढवला: मेल्फींच्या खोलीत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी या पोराने गोळ्यांवर विश्वास ठेवला होता, तो आईसाठी. असे चार प्रसंग आणखी असते तर टोपांचा विसर पडला असता.

आता असेही प्रेक्षक तयार होत आहेत जे कालक्रमाने आधी चित्रपट आणि मग मालिका पाहतात. जुने चाहते त्यांची कीव करतात. आम्हांस ती करावीशी वाटत नाही. हेडूच्या घरातला अंधार त्यांना आपल्यापेक्षा वेगळा दिसेल. टोनीला काकाचे कृत्य ठाऊक होते काय, ही शंका त्यांना येईल, जी आपल्याला तेव्हा सुचणेही शक्य नव्हते. आणि अखेरच्या भागात टोनी सरकारी संस्थेत ज्युनिअरला भेटायला जातो, तेव्हा म्हाताऱ्याची स्मृती गेलेली असते. तू आणि माझा बाप, तुम्ही दोघे एके काळी हा सगळा मुलूख चालवत होता, असे टोनी त्याला सांगतो. ते ऐकून ज्युनिअरला बरे वाटते, इतकेच. डिकीचे नाव तेथे कोणी काढत नाही.