फक्त घाबरवायचं होतं!

आधीच सांगते, या लेखात स्पॉयलर्स आहेत. पण सिनेमा मार्च २०२२ मध्ये आला. एवढी वर्षं थांबला असाल तर ती जबाबदारी तुमची!

तर, 'द बॅटमॅन'. दिग्दर्शक मॅट रीव्ज, बॅटमॅन झालाय रॉबर्ट पॅटिन्सन, लांबी दोन तास ५६ मिनिटं. दुसरा भाग लांबत लांबत आता ऑक्टोबर २०२७ वर गेलाय म्हणे, त्या दुःखात आम्ही चौघींनी मागच्या शनिवारी पहिलाच पुन्हा लावला. ट्यूबलाइट बंद, खिडकीवर चादर, लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल. तरी पहिला अर्धा तास स्क्रीनवर बॅटमॅन कमी आणि आमचेच चार चेहरे जास्त दिसत होते. एक रूममेट वैतागून म्हणाली, "एवढा श्रीमंत आहे ना हा? मग लाइट बिल का भरत नाही?"

तिचं चुकलं नाही. या सिनेमात सतत रात्र आहे, सतत पाऊस आहे आणि हिरो तीन तासांत धड हसतही नाही. सिनेमॅटोग्राफर ग्रेग फ्रेझरने एक अख्खी मारामारी तर फक्त बंदुकीच्या गोळ्या सुटताना होणाऱ्या उजेडात दाखवलीय. तो सीन थिएटरमध्ये जाम भारी वाटतो. लॅपटॉपवर मात्र कुणीतरी लाइटचं बटण चालू-बंद करतंय असं वाटतं.

'आजकाल सगळे सुपरहिरो डार्क का झालेत' ही तक्रार आपल्या कट्ट्यावर नेहमीची आहे. त्यावर उत्तर द्यायचं तर बॅटमॅन मुळातच काळा होता. १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्या एका ठोशाने व्हिलन ॲसिडच्या टाकीत पडतो आणि आपल्या हिरोला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. गंमतीजंमती नंतर आल्या. १९६६ च्या सिनेमातल्या बॅटमॅनकडे तर शार्क पळवून लावायचा स्प्रेसुद्धा होता! (तो सीन शोधून बघाच, दिवस चांगला जाईल.) मग १९८६ मध्ये फ्रँक मिलरच्या कॉमिक्सने त्याला पुन्हा अंधारात नेलं, २००५ पासून ख्रिस्तोफर नोलनने त्यावर तीन सिनेमे केले आणि त्यानंतर 'डार्क म्हणजे सिरियस' असं समीकरणच झालं. २०१३ मध्ये बिचाऱ्या सुपरमॅनच्या लाल-निळ्या कपड्यांचाही रंग उतरला.

माझ्यापुरती टेस्ट सोपी आहे. नुसता पडदा काळा केलाय, की हिरोच्या खात्यावरही काही काळं आहे? रीव्जचा सिनेमा या टेस्टमध्ये नव्वद टक्के पास होतो. उरलेले दहा टक्के कुठे गेले, त्यावरच मला बोलायचंय.

नव्वद टक्के आधी. सुरुवातीलाच ब्रूस वेन आपल्या आवाजात सांगतो की आकाशातला तो वटवाघळाचा सिग्नल म्हणजे नुसती हाक नाही, तो इशारा आहे. शहरभर किरकोळ चोर, गुंड अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघून थबकतात. तो तिथे नसतोच, पण भीती पुरते. भीती हेच त्याचं हत्यार. मग रेल्वे स्टेशनवर एक टोळकं एका माणसाला घेरतं, बॅटमॅन येतो, सगळ्यांना लोळवतो आणि ज्याला वाचवलं तो माणूस खाली पडल्या पडल्या त्यालाच विनवतो की मला मारू नको. हा सीन मला या सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक सीन वाटतो. शेवटी रिडलरच्या माथेफिरू फॉलोअर्सपैकी एकजण पकडला जातो, तेव्हा 'तू कोण' या प्रश्नाला तो बॅटमॅनचंच सुरुवातीचं वाक्य परत ऐकवतो. मी सूड आहे, असं. पॅटिन्सनचा फक्त अर्धा चेहरा दिसतो, पण तो हादरलाय हे कळतं. आपल्याला बघून कोण काय शिकलं, हे त्याला तिथे समजतं.

आता उरलेले दहा टक्के.

या सिनेमात एक पत्रकार आहे. म्हणजे, होता. एडवर्ड इलियट. पडद्यावर त्याची गोष्ट फक्त कानावर येते, कारण ती वीस वर्षं जुनी आहे. ब्रूसचे वडील थॉमस वेन महापौरपदाची निवडणूक लढवत होते. इलियटने त्यांच्या पत्नीच्या, मार्था वेनच्या माहेरचा इतिहास खणून काढला. त्यात मानसिक आजार होता, घरातलाच खून होता. थॉमसने त्याला पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. मग थॉमस गेला कार्माइन फाल्कोनकडे, म्हणजे शहरातल्या माफिया डॉनकडे. आणि इलियट मेला.

रिडलर हे सगळं बाहेर काढतो आणि ब्रूसच्या पायाखालची जमीन सरकते. ज्या बापाच्या नावाने तो रोज रात्री लोकांची हाडं मोडतोय, त्या बापानेच एका माणसाला डॉनच्या हवाली केलं? पहिल्यांदा बघताना मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. मूळ गोष्टीतल्या त्या पवित्र आईबापांना हात लावायची हिंमत कुणीतरी दाखवली! एरवी प्रत्येक बॅटमॅनमध्ये ती गल्ली, ते तुटलेले मोती आपण बघतो. रीव्जने तो खून दाखवलाच नाही, आणि त्याच्याऐवजी हा प्रश्न ठेवला. जबरदस्त.

पण पुढच्याच सीनमध्ये हॉस्पिटलच्या पलंगावरून आल्फ्रेड खुलासा करतो. थॉमसची चूक झाली, पण त्याला इलियटला मारायचं नव्हतं, फक्त घाबरवायचं होतं. खून झाल्याचं कळल्यावर तो कोसळला, पोलिसांकडे जाणार होता, आणि त्याच रात्री त्याला आणि मार्थाला मारलं गेलं. ब्रूसच्या डोळ्यांत पाणी, आल्फ्रेडचा हात हातात. विषय संपला. इलियटचं नाव सिनेमात पुन्हा ऐकू येत नाही.

आमच्या रिपोर्टिंगच्या तासाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की एकाच सोर्सवर बातमी करू नका, त्यातून त्या सोर्सचे हितसंबंध असतील तर मुळीच नका. आल्फ्रेड हा त्या घरातलाच माणूस. थॉमसचा विश्वासू, ब्रूसला वाढवणारा. समोरची बाजू कुणी मांडली, तर फाल्कोनने. म्हणजे एक नोकर आणि एक डॉन! आणि आपला हिरो, जो पूर्ण सिनेमाभर प्रत्येक कोड्यातलं अक्षर न् अक्षर तपासतो, जो खुनाच्या हत्याराचा विचार सोडत नाही, तो या एका गोष्टीत 'बरं' म्हणून गप्प बसतो. जगातला सर्वात हुशार डिटेक्टिव्ह म्हणे! एक फोन करून क्रॉसचेकसुद्धा नाही केलं.

आणि समजा आल्फ्रेड खरं बोलला. तरी काय सांगितलं त्याने? 'फक्त' घाबरवायचं होतं. त्या 'फक्त'वर माझं भांडण आहे.

हे मला का टोचतं, ते सांगते. डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आमच्या विभागाच्या प्रॅक्टिस पेपरसाठी मी एक बातमी केली होती. मुलींचं एक खासगी हॉस्टेल, पाण्याची टाकी कित्येक महिने साफ नाही, एकाच मजल्यावरच्या सहाजणी आजारी. फोटो होते, मुलींशी बोलणं झालं होतं. नियमाप्रमाणे मालकांची बाजू घ्यायला फोन केला. अतिशय गोड बोलले. "ताई, तुम्ही शिकताय, छान आहे. गाव कुठलं तुमचं? वडील काय करतात?" मी सांगितलं. बावळट, पटकन सांगून मोकळी झाले. तर म्हणाले, "अरे वा, तिकडे आपली बरीच माणसं आहेत. येतो आम्ही कधीतरी घरी चहाला."

बस, एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. पोलिसांना सांगायचं तर काय सांगणार, की ते चहाला येतो म्हणाले? रात्री बाबांना फोन लावला आणि कुणी घरी आलं होतं का, हे विचारण्याऐवजी जेवलात का एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी बातमीतून हॉस्टेलचं नाव काढलं. छापून आलं ते असं: 'शहरातील काही खासगी हॉस्टेलमध्ये'. सरांनी भाषेचं कौतुक केलं. त्या सहा मुलींपैकी एकीने मेसेज करून विचारलं, "यात आमचं हॉस्टेल कुठेय?" मी अजून रिप्लाय दिलेला नाही.

मला कुणी हात लावला नाही. मला फक्त घाबरवलं. आणि काम झालं. थॉमस वेनला इलियटकडून नेमकं हेच हवं होतं, त्याने त्या बातमीतून नाव काढायला हवं होतं. त्याने काढलं नाही, म्हणून तो मेला. माझ्यासारखं वागला असता तर वाचला असता आणि थॉमस वेन महापौर होऊन कायम 'चांगला माणूस' राहिला असता. आल्फ्रेडच्या खुलाशाचा अर्थ मला तरी एवढाच लागतो.

गॉथम काल्पनिक आहे, पण डॉनच्या सांगण्यावरून पत्रकाराला मारण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. ११ जून २०११ ला पवईत दुचाकीवरून आलेल्यांनी क्राइम रिपोर्टर ज्योतिर्मय डे यांच्यावर गोळ्या झाडल्या. छोटा राजनला त्यासाठी मे २०१८ मध्ये जन्मठेप झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला एका गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. धडक बसली त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती, आणि ज्याच्याबद्दल ती होती त्यालाच पोलिसांनी अटक केली. आमच्या वर्गात तेव्हा दोन दिवस फक्त यावरच बोलणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी इंटर्नल्स होत्या.

सिनेमावर परत येते. मला राग याचा येतो, की याच सिनेमाकडे हा प्रश्न विचारायला लागणारं सगळं सामान तयार होतं. बापाने भीती भाड्याने आणली, मुलगा तीच भीती स्वतः अंगावर चढवून रात्री फिरतो. दोघांनाही वाटतं की आपण चांगल्यासाठी करतोय. ही जोडी समोरासमोर ठेवली असती तर स्टेशनवरच्या त्या माणसाची विनवणी अजून खोल गेली असती. पण पडदा कितीही काळा केला तरी बापाचा फोटो मात्र पुसून लख्ख ठेवायचा, हे काही सुटत नाही. खरा प्रश्न व्हिलनच्या तोंडी द्यायचा, मग व्हिलनकडून इतकं भयंकर काहीतरी करवायचं, की उत्तर द्यायची गरजच उरणार नाही. रिडलर अनाथाश्रमात वाढलेला. तो विचारतो की टॉवरमध्ये राहणाऱ्या एका श्रीमंत अनाथासाठी सगळं शहर रडलं, मग आमच्यासाठी कोण रडलं? बरोबर प्रश्न आहे! पण मग त्याच्याच कटामुळे समुद्राच्या भिंती उडतात आणि अर्धं शहर बुडतं. राहिला अर्कममध्ये. 'ब्लॅक पँथर'मधल्या किलमाँगरचंही हेच झालं होतं.

असं काही जमतच नाही म्हणावं तर तसंही नाही. याच जगातली 'द पेंग्विन' ही आठ भागांची सिरीज २०२४ मध्ये आली. त्यात बॅटमॅन नाही आणि रिडलरच्या पुरात ज्याचं सगळं घर वाहून गेलं असा एक गरीब पोरगा आहे, व्हिक्टर. सिनेमात त्या पाण्यात आपल्याला हातात मशाल घेतलेला हिरो दिसतो, सिरीजमध्ये बुडालेली वस्ती दिसते. म्हणजे कॅमेरा वळवता येतो.

तेव्हा दुसऱ्या भागाकडून माझी अपेक्षा फार नाही. नवा व्हिलन कोण, जोकर असणार का, गाडी कसली, तुमचं तुम्ही ठरवा. फक्त एकदा ब्रूस वेनने मास्क न घालता इलियटच्या घरी जावं. त्याला बायको असेल, मुलं असतील, कदाचित ब्रूसच्याच वयाची. दार उघडेल तो विचारेल, काय काम आहे. तिथून पुढे काय होतं, ते मला बघायचंय.

हे सगळं मी शनिवारी रात्री रूमवर बोलत होते, क्रेडिट्स चालू असताना. लाइट बिलवाली म्हणाली, "तू पेपरात काम करतेस म्हणून तुला असं वाटतं. बाकी कुणाला तो रिपोर्टर आठवतपण नाही." मग जरा वेळाने तिनेच विचारलं, त्या हॉस्टेलचं नाव काय होतं गं, कारण तिची चुलतबहीण यंदा ॲडमिशन घेऊन याच शहरात येतेय आणि रूम शोधतेय.

मी तिला नाव सांगितलं. टाकीचे फोटो अजून फोनमध्ये आहेत, तेही पाठवले.