अँजिओग्राफी करायची की थांबायचे?

घरातल्या बुजुर्गांना डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, उद्याच उरकून टाकू. दुसरा म्हणतो, या वयात कशाला? दोघेही काळजीपोटीच बोलत असतात.

छातीतले दुखणे बसूनही थांबत नसेल, घाम सुटला असेल, दम लागत असेल, तर मशवरा करत बसायचे नाही. 108 ला फोन करून थेट इस्पितळ गाठायचे. साखरेच्या रुग्णांत छाती न दुखताही नुसता दम किंवा मळमळ हे लक्षण असू शकते.

पण जिना चढतानाच दुखते, बसले की थांबते आणि कित्येक महिने तसेच चालले आहे, तेव्हा विचाराला सवड असते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात 37 देशांतले 5179 रुग्ण होते. अशा स्थिर दुखण्यात लगेच अँजिओग्राफी करून पुढे स्टेंट किंवा बायपास केल्याने, औषधांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार दुखत होते, त्यांना आराम मात्र जास्त मिळाला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार कमजोर झालेले रुग्ण त्यात घेतले नव्हते. त्यांचा हिशेब वेगळा.

आमच्या अम्मी 74 वर्षांच्या, जुनी साखर. स्ट्रेस टेस्टमध्ये दोष निघाला, तेव्हा आम्ही भावंडांनी चार प्रश्न लिहून नेले. अँजिओग्राफीने इलाज बदलणार का? आधी औषधे वाढवून पाहता येतील का? क्रिएटिनिन किती आहे, कारण डायचा भार मूत्रपिंडावर पडतो? आणि अडथळा दिसलाच, तर स्टेंट त्याच टेबलावर टाकणार की आधी आम्हाला विचारणार?

डॉक्टर रागावले नाहीत. बारीक नळी मनगटातून जाते, गंभीर त्रास शंभरात एकालाही क्वचितच होतो, पण वय आणि मूत्रपिंड पाहून जोखीम वाढते, हे त्यांनी नीट समजावले.

मग अम्मींना विचारले. त्या म्हणाल्या, "आपाकडे दुसऱ्या मजल्यावर जाताना दोनदा बसावं लागतं. ते थांबणार असेल तर करा. नुसतं फोटो बघायला नको."

क्रिएटिनिन थोडे वाढलेले होते. आधी औषधे बदलून सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचे, दुखणे वाढले तर त्याच दिवशी जायचे, असे ठरले. दुसऱ्या घरात निर्णय उलटाही होईल आणि तोही बरोबर असेल. प्रश्न मात्र हेच विचारा, आणि ज्यांचे हृदय आहे त्यांच्यासमोर विचारा.