जुन्या बंदुकीची पूजा

अमेरिकेंत जुन्या, जाड गोळीच्या, चापाखालचा दांडा ओढून भरावयाच्या बंदुका जमविण्याचा, आणि त्याच घेऊन हरिणाच्या शिकारीस जाण्याचा षोक पुष्कळांस आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें, सुना, जांवई त्या देशांत स्थायिक झाल्यामुळें शेजाऱ्याच्या भिंतीवरील विंचेस्टर बंदूक आणि हिंवाळ्याच्या तोंडीं त्याच्या गाडीवर लादलेलें हरिण, हे विषय आतां आपल्या दिवाणखान्यांतहि निघूं लागले आहेत. ते निघाले म्हणजे दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, ही निव्वळ हत्या आहे, सुशिक्षित समाजास हें लांच्छन होय. दुसरा म्हणतो, ती त्यांची परंपरा आहे, तेथें आपण कोण बोलणार? आमच्या मतें दोघेहि चुकतात; आणि दुसरा अधिक चुकतो.

प्रथम पहिल्याचा विचार करूं. त्याची दया खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला तो योग्यच होता. साहेबांच्या व संस्थानिकांच्या शिकारीस हिशेब म्हणून नव्हता, आणि चित्ता या देशांतून नाहींसा झाल्याचें १९५२ सालीं जाहीर करण्याची पाळी आली. त्यास शिकार हें एकच कारण नव्हतें, तरी तें लहानहि नव्हतें. परंतु एका रोग्याचें औषध दुसऱ्यास तसेंच देणें हें वैद्याचें लक्षण नव्हे. अमेरिकेंतहि हाच अनर्थ झाला होता. बाजारांत मांस विकणाऱ्या शिकाऱ्यांच्या हातून पांढऱ्या शेपटीचीं हरिणें १९०० च्या सुमारास अवघीं तीन ते पांच लक्ष उरलीं, असा तज्ज्ञांचा अदमास आहे. त्याच सालच्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेलें जनावर एका राज्यांतून दुसऱ्यांत नेऊन विकणें हा गुन्हा ठरला. राज्याराज्यांनीं परवाने, हंगाम व संख्या यांचीं बंधनें घातलीं. १९३७ सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें शिकारीच्या बंदुका व काडतुसें यांवरील अकरा टक्के कर वन्यप्राण्यांच्या जोपासनेकडे लावून दिला. आज हरिणांची संख्या सुमारें तीन कोटींच्या घरांत आहे.

ही वाढ सर्वस्वीं सुखाचीच आहे असेंहि नाहीं. देशाच्या बहुतेक पूर्वभागांतून लांडगा व पहाडी सिंह माणसानें केव्हांच नष्ट केले. त्यामुळें हरिणें रानांतील कोंवळीं रोपें वाढूंच देत नाहींत. लांडगे गेल्यावर डोंगराची काय दशा होते, हें आल्डो लिओपोल्ड या वनशास्त्रज्ञानें १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मार्मिकपणें दाखविलें आहे. आणि हा मनुष्य तरुणपणीं स्वतः लांडगे मारीत असे. लांडगा परत आणावयाचा नसेल तर त्याचें काम कोणी तरी केलेंच पाहिजे. मोटारीखालीं सांपडून किंवा उपासमारीनें मेलेलें हरिण ज्यास चालतें, आणि गोळीनें मेलेलें चालत नाहीं, त्याची दया हरिणाकरितां नसून स्वतःच्या डोळ्यांकरितां आहे.

आतां परंपरेच्या कैवाऱ्याकडे वळूं. विंचेस्टरच्या १८७३ च्या बंदुकीस ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ असें म्हणतात; परंतु हें बिरुद इतिहासकारानें दिलेलें नसून कारखान्याच्या जाहिरातींनीं पुढें रूढ केलेलें आहे. १८७६ च्या जून महिन्यांत लिटल बिगहॉर्न नदीकांठीं कस्टरच्या पलटणीचा धुव्वा उडाला, तेव्हां सरकारी शिपायांच्या हातीं एकबारी स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या, आणि अनेक वारी झाडणाऱ्या हेन्री व विंचेस्टर बंदुका लाकोटा व शायेन वीरांपैकीं कित्येकांजवळ होत्या! गव्यांच्या अफाट कळपांचा संहार झाला तोहि मुख्यतः शार्प्ससारख्या एकबारी बंदुकांनीं. जॉन ब्राउनिंगनें योजिलेली, जाड काडतूस पेलणारी भक्कम विंचेस्टर १८८६ सालीं बाजारांत आली, तेव्हां ते कळप उरलेच नव्हते. नायिका रंगभूमीवर आली ती नाटक संपल्यावर!

परंपरेनें नीति ठरत नाहीं याचें याहून मोठें उदाहरण थिओडोर रूझवेल्ट. शिकारीस नियम असावेत म्हणून १८८७ सालीं बून अँड क्रॉकेट क्लब स्थापण्यांत तोच पुढाकार घेतो. आणि १९०९ सालीं विंचेस्टरची १८९५ ची बंदूक बरोबर घेऊन तोच आफ्रिकेंत जातो, व मुलासह पांचशेंहून अधिक मोठे प्राणी मारतो. ते पदार्थसंग्रहालयाकरितां होते हें खरें. तरी संयम व हांव या दोन्ही गोष्टी एकाच परंपरेच्या पोटीं जन्मल्या हेंहि तितकेंच खरें. ‘परंपरा’ म्हणणाऱ्यानें त्यांतील कोणती, हें सांगितलें पाहिजे.

मग या जुन्या बंदुकीच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें तिच्या उणेपणांतच आहे. या जातीच्या बहुतेक बंदुकांत काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या नळींत एकापुढें एक बसतात. मागच्या गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या बुडास टेंकतें. टोंक अणकुचीदार असेल तर धक्क्यासरशीं तेथेंच स्फोट व्हावयाचा. म्हणून गोळी बोथट ठेवावी लागते, आणि बोथट गोळीचा वेग हवेंत लौकर मंदावतो. १८७३ सालच्या लष्करी ‘पंचेचाळीस-सत्तर’ काडतुसाची जड गोळी शंभर वारांसाठीं नेम जुळवून झाडली, तर दोनशें वारांवर एक फुटाहून अधिक खालीं येते. सारांश, शिकाऱ्यास जवळ जावें लागतें. वारा ओळखावा लागतो, पाऊल जपावें लागतें, आणि पुष्कळ वेळां रिकाम्या हातीं परतावें लागतें. हे रिकामे हात हीच त्या बंदुकीची खरी शिकवण होय.

यावर एक आक्षेप येईल, व तो वजनदार आहे. दुर्बिणीच्या नव्या बंदुकीनें नेम अचूक लागतो. जुन्या माशीवरून नेम धरणारा हरिणास घायाळ करून सोडील, तर मर्यादेचें हें स्तोत्र त्या मुक्या जीवाच्या काय कामाचें? उत्तर असें कीं, ज्यास शंभर वारांवर दरेक गोळी जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळांत बसवितां येत नाहीं, त्यानें रानांत जाऊंच नये; मग बंदूक आजोबांची असो वा काल घेतलेली असो. म्हाताऱ्या डोळ्यांस दुर्बिणीची मदत घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु अलीकडे निघालेल्या मऊ टोंकाच्या गोळ्या भरून, दुर्बीण चढवून, तीच जुनी बंदूक तीनशें वारांवर चालवूं पाहणारा मनुष्य तिचें नांव तेवढें ठेवतो आणि तिची शिस्त फेंकून देतो.

राहिला संग्राहक. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांस तेथील १९६८ च्या कायद्यानें पुराणवस्तु मानिलें आहे. १९६४ सालीं कारखान्यानें घडण स्वस्त केल्यामुळें त्यापूर्वींच्या बंदुकांस मान अधिक. जुन्या पोलादास नवें निळें पाणी चढविलें कीं किंमत गेली. हें सर्व ज्ञान जाणत्याचें आहे, आणि जुनी कारागिरी जपणाराचे आम्ही ऋणीच आहों. आमचा विरोध आहे तो एकाच गोष्टीस. कपाटांतील बंदुकीस ‘इतिहास’ चिकटावा एवढ्याकरितां तिनें एक हरिण पाडणें, याला आम्ही शिकार म्हणत नाहीं. अन्नाकरितां वा रानाकरितां घेतलेल्या प्राणाचें समर्थन करतां येतें. वस्तूच्या शोभेकरितां घेतलेल्या प्राणाचें येत नाहीं. हरिणाचा जीव म्हणजे बंदुकीच्या किंमतीचा दाखला नव्हे.

तेव्हां परदेशांतील आपल्या मुलाबाळांनीं अशा शेजाऱ्यास हत्यारा म्हणूं नये, आणि वीर म्हणूनहि त्याची पाठ थोपटूं नये. त्यास तीन प्रश्न विचारावे. गोळी किती अंतरावरून झाडलीस? मांसाचें काय केलेंस? आणि हरिण समोर असतां चाप न ओढतां किती वेळां परत आलास? पहिल्या दोहोंचीं उत्तरें कोणीहि पाठ करील. तिसऱ्याचें उत्तर ज्याच्यापाशीं आहे, त्याच्याच हातीं ती जुनी बंदूक शोभते.