यंत्र कुणाच्या हातात?

दोस्तांनो, आपण उद्याचे मास्तर. कोळसेवाडीतून, आंबिवलीतून, वागळे इस्टेटमधून लोकलला लटकत बी.एड. करणारे. कॉलेजात आपल्याला सांगतात, स्मार्ट बोर्ड लावा, दीक्षा ॲप उघडा, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, झालं शिक्षण! पेपरात तंत्रज्ञानाचे फायदे लिहा, तोटे लिहा. नोकरीसाठी नाव नोंदवायचं तेही पोर्टलवर, आणि पोर्टलचं नाव काय तर 'पवित्र'! हसावं की रडावं? पण एक सवाल कुणीच विचारत नाही. हे यंत्र आहे कुणाच्या घरात?

जून २०२० आठवा. शाळांना टाळं. वर्ग मोबाइलवर. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या कामगारांसाठी लोकल सुरू झाली. बाप झाडू मारायला, इस्पितळाची लादी पुसायला मुंबईला निघाला. घरातला एकुलता एक फोन त्याच्या खिशात. पोरीचा तास दहाला, आणि दहाला फोन सँडहर्स्ट रोडला! हजेरीत पोरगी गैरहजर. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम चोवीस घरांत इंटरनेट होतं. हा आकडा सरकारचाच आहे, आपल्या पदरचा नाही. मग मोबाइलवर शिक्षण चालू होतं ते कुणाचं? पूर्वी आपलं पोर वर्गाबाहेर बसवत, पण ते दिसायचं तरी. मोबाइलच्या वर्गात ते दिसलंच नाही.

म्हणून यंत्र फोडा असं कुणी म्हणेल तर तो भोंगळपणा. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो छापखान्यातूनच. यंत्राला जात नसते. ज्याच्या ताब्यात यंत्र, त्याला असते.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतिबांनी मागणी केली, की प्राथमिक शाळेचे मास्तर होता होईतो शेतकरी वर्गातले असावेत, लोकांत मोकळेपणी मिसळणारे असावेत. पडदा कुणात मिसळतो? समोरचं पोर उपाशी आलंय, त्याला चष्मा हवाय, त्याला वर्गात आडनावावरून चिडवतात, हे पडद्याला कळत नाही. ते मास्तरला कळलं पाहिजे.

तेव्हा वर्गात उभं राहण्याआधीच ठरवून टाकू. घरी फोन लागेल असा गृहपाठ द्यायचा नाही. शाळेतला टॅब, कॉम्प्युटर साहेबांच्या भेटीसाठी कपाटात कुलूपबंद ठेवायचा नाही. ज्याच्या घरी नाही, त्याचा हात त्यावर पहिला. आणि पोरांनी नुसते व्हिडिओ बघत बसायचं नाही. वस्तीच्या नळाला पाणी किती मिनिटं येतं ते मोजून त्यांनी तक्ता करावा. तुंबलेल्या गटाराचा फोटो काढावा. महापालिकेला अर्ज स्वतः टाइप करावा. आजीची जात्यावरची ओवी रेकॉर्ड करून वर्गात ऐकवावी. गणित, भाषा, नागरिकशास्त्र सगळं त्यात आलं.

वरून साहेब म्हणतील, हे अभ्यासक्रमात नाही. नसू दे. अभ्यासक्रमात आपण तरी कधी होतो?