पंचतारांकित एमआयडीसी, पण तुमच्या खोलीला किती स्टार?



कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ ज्याची चार गुंठे जागा आहे, त्याच्या डोक्यात पहिला विचार काय येतो? सहा खोल्या काढू आणि कामगारांना भाड्यानं देऊ. विचार चांगला आहे. पण बहुतेकजण तो धंदा म्हणून करत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. स्लॅब टाकला, फरशी बसवली, रंग मारला, 'रूम भाड्याने देणे आहे' असा बोर्ड लावला, संपलं. आत राहणाऱ्याला विजेचं बिल किती येणार हे मालकाला माहीतच नसतं. कारण ते तो भरत नाही ना!

गंमत बघा. फ्रिज घेताना आपण स्टार मोजतो, आणि लाखो रुपयांच्या घराला कुणी स्टार विचारत नाही. इंग्लंडमध्ये घर विकताना किंवा भाड्यानं देताना 'ए' ते 'जी' अशा श्रेणीचा ऊर्जा दाखला लागतो, आणि 'ई'च्या खालचं घर काही अपवाद सोडले तर भाड्यानं देता येत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या बीईईनं, म्हणजे उपकरणांना स्टार देणाऱ्या संस्थेनंच, २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. घरांना १ ते ५ स्टार देण्याची योजनाही आहे, पण ती ऐच्छिक. त्यामुळे 'ऊर्जेच्या सर्टिफिकेटशिवाय खरेदीखत होणार नाही' असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग थांबायचं का? अजिबात नाही. गेल्या १२ महिन्यांची बिलं हाच तुमच्या घराचा दाखला. त्यातली रक्कम नको, युनिट बघा. दर बदलतात.

आता तुमचं गिऱ्हाईक ओळखा. थर्ड शिफ्ट करून आलेला पोरगा सकाळी झोपतो आणि एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता त्याच्या डोक्यावरचा स्लॅब तापलेला असतो. तो रात्री तिथं नसतोच! ज्या खोलीत दिवसा झोप लागत नाही, ती तो दोन महिन्यांत सोडतो. स्लॅबवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा, समोरासमोर हवा खेळेल अशी खिडकी. बांधतानाच केलं तर खर्च थोडा, नंतर फोडाफोडी.

पंख्याचं घ्या. जुना पंखा साधारण ७५ वॉट, बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट विरुद्ध ११ युनिट. एका खोलीत १६ युनिटचा फरक! आणि खोली एक महिना रिकामी राहिली, तर त्या भाड्यात किती पंखे आले असते?

सगळ्यात मोठी गळती मात्र मीटरची. सहा खोल्या, एकच मीटर, आत सबमीटर. प्रत्येकानं ६० युनिट वापरले तरी एकूण ३६० होतात. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३००, ५०० असे वाढत जातात, म्हणजे पहिले १०० सोडून बाकी २६० युनिट महागात पडतात. वेगळे मीटर असते तर सहाही जण पहिल्याच टप्प्यात राहिले असते. प्रत्येक मीटरला स्थिर आकार वेगळा बसतो, तो धरून हिशोब मांडा. काही मालक तर वर युनिटमागे दोन रुपये चढवतात. अहो, वीज विकायचा परवाना आहे का आपल्याकडे? भाड्यात काय ते मागा.

घर विकत असाल तरी हेच. 'फाईव्ह स्टार एसीसह' असं लिहिताना लेबलवरचं वर्ष बघा, कारण बीईई निकष कडक करत जाते आणि जुन्या पाच स्टारचे आज कमी भरतात. बिलं दाखवताना घरात माणसं किती होती आणि कोणत्या महिन्यात घर बंद होतं, तेही सांगा. नाहीतर बंद घराचं बिल बघून कुणीही खूश होईल!

पुढच्या बोर्डावर एवढी एक ओळ वाढवा : 'स्वतंत्र मीटर, वर्षभराची बिलं बघायला मिळतील.'