चार लाख पंधरा हजार

घ्या, सांगून टाकला आकडा. आडून आडून विचारणाऱ्या समस्त मामा, मावश्या, आत्या आणि न्यू जर्सीतल्या चुलत भावंडांची सोय झाली. धाकट्या काकांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायला चार लाख पंधरा हजार रुपये आणि चौदा महिने लागले. पुढचं वाक्यही मीच म्हणून टाकतो, म्हणजे तुम्हाला टंकायचे कष्ट नकोत: "अरे, एवढ्यात चांगली सेकंड हँड स्विफ्ट आली असती!"

आली असती की. नाही कोण म्हणतंय? माझं भांडण आकड्याशी नाहीच. "त्या गॅरेजवाल्याने तुला लुटलं" हे जे त्याच्या मागोमाग येतं ना, त्याच्याशी आहे. कारण हे म्हणणाऱ्या एकानेही पैसे कुठे गेले हे विचारलेलं नाही. तर मंडळी, आज हिशेबच मांडतो.

सगळ्यात मोठा खर्च पत्र्याचा. एक लाख वीस हजार. रंग वेगळा, तो पंचाहत्तर. इंजिन बिचारं अडुसष्टात आटोपलं. लोकांना वाटतं गाडी म्हणजे इंजिन. पण फियाटचं ते १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे गरीब गाय. सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन टाकले, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंगं बदलली, की पुन्हा कामाला लागतं. लेथवर बसणारा माणूस जाणकार हवा एवढंच. पत्र्याचं तसं नाही.

या घराण्याला वेगळी चासी नाही. इटलीत १९५३ साली फियाटने ११००-१०३ काढली तेव्हापासून बॉडी हाच सांगाडा. जुन्या जीपसारखं खाली लोखंडी चौकट आणि वर टोपलं, असं इथे नसतं. त्यामुळे पायाखालचा पत्रा, दारांखालचे चॅनेल, डिकीचा तळ सडला तर ते कातडीचं नाही, कण्याचं दुखणं झालं. आणि आमच्या गाडीने अकरा पावसाळे आंब्याच्या झाडाखाली काढलेले! गालिचा उचलला तर खालची जमीन दिसत होती.

आता यावर दोन उपाय असतात. एका गॅरेजमध्ये मला "फुल रिस्टोरेशन, पावणेदोन लाख" असा भाव मिळाला होता. म्हणजे काय, तर सडक्या भागावर फायबरची चादर, त्यावर लांबी भरायची, घासायची आणि वर आरशासारखा रंग. फोटो झकास येतो. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात आणि तोवर आतला पत्रा भाकरीसारखा सुटत गेलेला असतो. दुसरा उपाय म्हणजे सडलेलं कापून काढायचं, नवा पत्रा आणायचा, हातोडी आणि डॉलीने ठोकून त्याला जुन्याची गोलाई द्यायची, आणि मग तो वेल्ड करायचा. तयार पॅनेल मिळत नाहीत. एकेक तुकडा हाताने बनवावा लागतो. लावून बघायचा, काढायचा, पुन्हा ठोकायचा. दार लागतंय का बघायचं. नाही लागलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या गाडीवर एका माणसाने बासष्ट दिवस हे केलं. साठीचा माणूस. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. रोज नऊशे रुपये. म्हणजे पंचावन्न हजार आठशे. बाकीचे पत्रा, गॅस, मदतनीस, जागेचं भाडं आणि गॅरेजमालकाचा नफा. आता सांगा, यात लूट नेमकी कुठली? चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या कारागिराला दिवसाचे नऊशे? आमच्या सोसायटीत एसी दुरुस्त करायला येणारा मुलगा तासाभरात तेवढे नेतो आणि त्याच्याशी कोणी वाद घालत नाही (मीही नाही घालत, उन्हाळ्यात तर मुळीच नाही). लुटलंच असेल कुणाला, तर त्या माणसाला. मला नाही.

आणि गंमत बघा. ज्या मामांना एक लाख वीस हजार जास्त वाटले, त्यांनीच गेल्या वर्षी पाच वर्षं वापरलेली गाडी बदलली. अकरा लाखांना घेतलेली सहाला गेली. पाच लाख हवेत विरले, त्यातला एक रुपया कुणाच्या हातच्या कामाला लागला नाही, आणि घरात पेढे वाटले! याला व्यवहार म्हणायचं आणि माझ्याला वेड.

बरं, याच नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या भिंतींवर मी ऑक्टोबर २०२३ मध्ये काय वाचलं होतं? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळे गहिवरले होते. डोळे पुसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. "एक युग संपलं." अहो, युग संपलं म्हणजे काय संपलं ते तरी समजून घ्या. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढलेली प्रीमियर कंपनी ही गाडी कुर्ल्यात बनवायची. २००० च्या आसपास ती बनायची थांबली, तरी गाड्या चालत राहिल्या, कारण मुंबईत हजारो टॅक्स्या होत्या. टॅक्सी रोज पळते, रोज मोडते. म्हणून किंगपिन मिळायच्या, ब्रेकची सिलिंडरं मिळायची, स्टिअरिंगवरच्या गिअरची जोडणी डोळे मिटून करणारे मिस्त्री गल्लोगल्ली होते. कंपनीच्या कुर्ल्यातच सीएसटी रोडवर मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग. जन्म आणि दशक्रिया एकाच गावात! टॅक्सी गेली आणि हे गिऱ्हाईकच गेलं. आता उरलो आम्ही, चौदा महिन्यांत एकदा येणारे, त्यातही भाव पाडून मागणारे. हळहळ फुकट असते हो. किंगपिनला पैसे पडतात.

सरकारचंही काही विचारू नका. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी नूतन करायची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार. धूर ओकत रोज शंभर किलोमीटर पळणारी गाडी आणि महिन्यातून दोनदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारी गाडी, दोघींना एकच माप. पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज'चे वेगळे नियम आहेत. आमचीची पन्नाशी २०२८ मध्ये. तोवर शांत घालायला पैसे साठवतो. त्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुनं रबर त्याने फुगतं, टाकीत पाणी धरतं. नळ्या आणि पंपाचा पडदा बदलूनच घेतला, तो खर्च वरच्या आकड्यात आहे.

आणखी एका जमातीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. "इन्व्हेस्टमेंट म्हणून केलंस ना? बेस्ट!" म्हणणारे. यांना पाठिंबा समजू नका. यांच्यामुळेच लांबी भरणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. विकायचीच आहे म्हटल्यावर आतून कशाला कोण बघतो? क्रोम चमकलं पाहिजे, सीटला लालभडक लेदर पाहिजे (काकांच्या गाडीत करड्या रेक्झिनचीच सीट होती आणि आजही आहे), परदेशी अलॉय चाकं पाहिजेत. चाकांना दीड लाख हसत मोजतील, आणि पत्रेवाल्याने दिवसाचे शंभर वाढवून मागितले की "हे लोक माजलेत" म्हणतील. माझ्या गाडीला उद्या चार लाख देणारा भेटणार नाही, हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. चूल मांडताना कुणी भांड्यांची पुनर्विक्री किंमत काढतं का?

त्या साठीच्या माणसाला मी विचारलं, तुमच्या हाताखाली कोण शिकतंय? म्हणाला, "कोण न्हाई साहेब. पोरगं पार्सल पोचवतं. मीच म्हणलं, जा. तिकडं महिन्याचे महिन्याला पगार तरी येतो." हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, डिकीच्या तळाशी वाकलेला असताना. त्याच्या जागी मी असतो तरी मुलाला हेच सांगितलं असतं. म्हणून म्हणतो, रिस्टोरेशन महाग झालं नाहीये. ते अजून लाजिरवाणं स्वस्त आहे. पाच-दहा वर्षांनी हेच काम करायला माणूस नसेल तेव्हा तुम्ही आठ लाख घेऊन फिराल आणि कुणी दारात उभं करणार नाही.

रंग झाल्यावर शेवटचं बिल भागवताना त्याला दिवसाचे तीनशे वाढवून, बासष्ट दिवसांचे अठरा हजार सहाशे वेगळे दिले. ते वरच्या आकड्यात नाहीत. मावशी, तुझा पुढचा फोन यावरच येणार हे ठाऊक आहे.

मागच्या काचेचं रबर मात्र अजून मिळालेलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार घातले. कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा, भाव करणार नाही.