पट्टा कोणाचा, मालकी कोणाची?

जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बगरू हे गाव लागते. लाकडी ठशांनी छापलेल्या तेथील कापडामुळे त्याचे नाव मराठी गृहिणींनाही अपरिचित नाही. छीपा कारागिरांचे जुने मोहल्ले आणि त्यांच्या सभोवती शेतांवर उभ्या राहिलेल्या नव्या वसाहती, असे त्याचे आजचे रूप आहे. नोकरीनिमित्त राजस्थानात गेलेल्या मराठी कुटुंबास येथे एखादा भूखंड किंवा घर घेऊन ठेवावे असा मोह व्हावा, यात नवल नाही. अशा कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी पणास लागलेली असते. म्हणून या वेळी घरखरेदीत नेहमी उपस्थित होणाऱ्या काही प्रश्नांचा बगरूच्या निमित्ताने विचार करू.

प्रथम शब्दांविषयी. आपल्याकडे जे खरेदीखत, त्याला तिकडे विक्रयपत्र म्हणतात. त्याच्या नोंदणीला ‘रजिस्ट्री’. आपले साठेखत तो तेथील इकरारनामा, आपले कुलमुखत्यारपत्र तो मुख्तारनामा आणि आपला फेरफार ते नामांतरण. सातबाऱ्याच्या जागी तेथे जमाबंदी पाहावयाची आणि गट क्रमांकाच्या जागी खसरा क्रमांक. हे सारे लवकर अंगवळणी पडते. फसगत होते ती ‘पट्टा’ या ओळखीच्या शब्दाने. मराठीत पट्टा म्हटले की भाडेपट्टा आठवतो. राजस्थानात मात्र गावठाणातील किंवा नव्या वसाहतीतील भूखंडाच्या हक्कपत्रास पट्टा म्हणतात, आणि हे नाव धारण करणारे कागद एकाच मोलाचे नसतात.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की पट्टा हाती आला म्हणजे जागा आपली झाली काय? याचे उत्तर पट्टा कोणी दिला यावर अवलंबून आहे. जयपूर विकास प्राधिकरणाने किंवा नगरपालिकेने आपल्या अधिकारात दिलेला आणि रीतसर नोंदविलेला पट्टा हा भक्कम आधार होय. परंतु जयपूरच्या परिसरात गृहनिर्माण सहकारी समित्यांनीही शेतजमिनीचे तुकडे पाडून आपापले पट्टे वाटले आहेत. समिती म्हणजे सरकार नव्हे. जमाबंदीत जमीन अद्याप शेतकऱ्याच्याच नावे असेल, तर समितीचा कागद पैसे भरल्याच्या पावतीहून फारसा मोठा नाही. कारण जे आपल्यापाशी नाही, ते कोणी दुसऱ्यास देऊ शकत नाही. एकच भूखंड दोघातिघांना दिला गेल्याच्या तक्रारी उद्भवतात त्या अशाच कागदांतून.

शेतजमिनीविषयी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राजस्थान भू-राजस्व अधिनियम, १९५६ च्या कलम ९०-अ प्रमाणे परवानगीवाचून शेतजमिनीचा बिगरशेती वापर करता येत नाही. तसेच राजस्थान काश्तकारी अधिनियम, १९५५ च्या कलम ४२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या खातेदाराने त्या जातींबाहेरील व्यक्तीस, अथवा अनुसूचित जमातीच्या खातेदाराने जमातीबाहेरील व्यक्तीस जमीन विकल्यास तो व्यवहार मुळातच निरर्थक ठरतो. किंमत चोख मोजली, ताबाही मिळाला, तरी हा दोष त्याने धुऊन निघत नाही.

दुसरा प्रश्न इकरारनामा व मुख्तारनामा यांचा. “खरेदीखताचा खर्च कशाला? मुख्तारनामा करून देतो, तेवढ्याने भागते,” असे सांगणारे मध्यस्थ सर्वत्र भेटतात. त्यांस स्पष्ट नकार द्यावा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. आणि २०११ साली सूरज लँप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुख्तारनाम्याच्या आधारे झालेली ‘विक्री’ मालकी देत नाही, असा निर्वाळा दिला. मालकी येते ती नोंदविलेल्या खरेदीखताने. ते सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस सादर करावयाचे असते.

तिसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. खरेदीखत नोंदले, म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली काय? पुष्कळांचा तसा समज असतो. पण तो बरोबर नाही. येथे इंग्लंडशी तुलना उद्बोधक ठरेल. तेथे १८६२ साली भूमिनोंदणीचे सरकारी खाते स्थापन झाले, आणि १९९० पासून इंग्लंड व वेल्समध्ये सर्वत्र विक्रीच्या वेळी मालकीची नोंद करणे सक्तीचे आहे. त्या नोंदवहीतील चुकीमुळे कोणाचे नुकसान झाल्यास कायद्याप्रमाणे भरपाई मिळू शकते. आपल्याकडे १९०८ च्या कायद्याखाली नोंद होते ती दस्तऐवजाची, मालकीची नव्हे. विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा, याची हमी ती नोंद देत नाही. उलट, पूर्वी नोंदविलेला दस्त खरेदीदारास ठाऊक होता असेच कायदा गृहीत धरतो. “आम्हांस माहीत नव्हते” ही सबब तेथे चालत नाही.

म्हणून शोध आपणच घ्यावयाचा. वकील सामान्यतः तीस वर्षांचे दस्त तपासतात, त्याला कारण आहे: गहाण सोडवून घेण्याचा दावा लावण्याची मुदत तीस वर्षांची आहे. मूळ कागदच पाहण्याचा आग्रह धरावा. कागद बँकेत ठेवून काढलेले कर्ज नोंदणी कचेरीतील शोधात दिसेलच असे नाही. बँकांच्या गहाणांसाठी २०११ पासून ‘सर्साई’ ही केंद्रीय नोंदवही आहे. तीही पाहता येते.

जुन्या मोहल्ल्यातील घर घ्यावयाचे असेल तर चौथा प्रश्न पुढे येतो, तो वारसांचा. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा चार भावांच्या सह्यांवर समाधान मानू नये. लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणींची नावे विचारावीत आणि त्यांच्याही सह्या घ्याव्यात. बहिणीचा वाटा बुडवून मिळालेले स्वस्त घर कज्जात महाग पडते, आणि ते न्यायाचेही नव्हे.

परदेशस्थ आप्तांच्या पैशाविषयीही एक सूचना. लंडनला स्थायिक झालेल्या भावाने आपल्या नावे भूखंड घेण्यास सांगितले, तर आधी जमाबंदी पाहावी. अनिवासी भारतीयास आपल्या देशात घर विकत घेता येते; शेतजमीन मात्र घेता येत नाही.

नव्या वसाहतीतील भूखंड असेल, तर २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, आपल्या बाजूस आहे. पाचशे चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील भूखंडांच्या योजनेस सामान्यतः त्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदविलेला करार केल्यावाचून प्रवर्तकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम आगाऊ घेता येत नाही.

बगरूच्या दाबू छपाईत चिखलाच्या लेपाखाली झाकलेली नक्षी कापड धुतल्यावरच दिसते. घराच्या व्यवहारात मात्र झाकलेले आधी उघडून पाहावयाचे असते. जमाबंदी, पट्टा, मूळ दस्त, वारस आणि बोजा, या पाचांची खात्री झाल्यावाचून विसाराची रक्कम हातावर ठेवू नये. समोरची व्यक्ती घाई करू लागली, तर वकिलाकडे जाण्यास तेवढे एक कारण पुरेसे समजावे.